जोडीदाराला कळवायचं कसं?

१९९९च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य खात्यासमोर एक नवाच पेच उभा राहिला. सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणतात तो आजार, तोवर शहरात बराच आटोक्यात आला होता. आता समलैंगिक पुरुषांमध्ये तो पुन्हा डोकं वर काढू लागला. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे रुग्णांकडे विचारणा केली, की गेल्या काही महिन्यांत कुणाकुणाशी संबंध आला. रुग्ण काही लपवत नव्हते, पण सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं नव्हतंच. ओळख झाली होती अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या एका चॅटरूममध्ये. भेट ठरली, झाली आणि संपली. खरं नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. हाताशी होतं ते फक्त चॅटरूममधलं टोपणनाव.

खात्याने कंपनीकडे खरी नावं मागितली. ग्राहकांच्या खासगीपणाचं कारण देऊन कंपनीने नकार दिला. मग प्लॅनेटआउट या समलैंगिकांसाठीच्या संकेतस्थळाची मदत घेऊन चॅटरूममध्येच जागृती करायची, सिफिलिसचा फैलाव होतो आहे आणि तपासणी करून घ्या असं तिथल्या लोकांना सांगायचं, असा मार्ग निघाला. टोपणनावाच्या पत्त्यावर ईमेलही गेले. जेफ्री क्लाउसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा सारा प्रकार मांडला. लैंगिक संसर्गाची बातमी जोडीदारापर्यंत पोचवण्यासाठी इंटरनेटचा वापर करण्याची खरी सुरुवात इथून झाली असं म्हणायला हरकत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत त्यातून ई-कार्डं आली, एसएमएस आले, कोड टाकून उघडणारी संकेतस्थळं आली. त्यातलं काय चाललं, काय फसलं आणि आपल्याकडे त्याचा कितपत उपयोग आहे, हे बघण्यासारखं आहे.

कळवायचं तरी कशाला?

लैंगिक संसर्गांची गोम अशी, की ज्याला आजार आहे त्याला बरेचदा त्याचा पत्ताच नसतो. क्लॅमिडिया झालेल्या बहुतांश स्त्रियांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना कसलाच त्रास जाणवत नाही. परम्याचा (गनोरियाचा) संसर्ग पुरुषाला आठवडाभरात जळजळ आणि पू या रूपाने जाणवतो, पण स्त्रीला अनेकदा कळतही नाही. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि उपचार न करताही भरून येते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. आजार मात्र आत चालूच राहतो. पुढे त्याची किंमत मोठी असते. क्लॅमिडिया आणि परमा यांमुळे गर्भनलिकांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकतं. गरोदर स्त्रीला सिफिलिस असेल आणि उपचार झाले नाहीत तर मूल पोटातच दगावण्याचा धोका असतो.

म्हणून दवाखान्यात आलेल्या एका रुग्णाला औषध दिलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. त्याचा जोडीदार तसाच राहिला तर महिन्याभरात रुग्ण पुन्हा त्याच तक्रारीसह दारात, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ या वयोगटात औषधाने बऱ्या होणाऱ्या चार लैंगिक संसर्गांची ३७.४ कोटी नवी प्रकरणं झाली: ट्रायकोमोनियासिस १५.६ कोटी, क्लॅमिडिया १२.९ कोटी, परमा ८.२ कोटी आणि सिफिलिस ७१ लाख. म्हणजे रोज दहा लाखांहून अधिक. हे चारही आजार बरे होतात, त्यांची औषधं फार महाग नाहीत. अडतं ते योग्य माणूस योग्य वेळी तपासणीला पोचण्यापाशी.

कुणाला कळवायचं यालाही हिशेब आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनानुसार परमा किंवा क्लॅमिडिया असेल तर गेल्या ६० दिवसांतले जोडीदार. सिफिलिसची पहिली जखम दिसत असेल तर ती दिसल्यापासूनचे दिवस आणि त्याआधीचे तीन महिने. अंगावर पुरळ उठण्याच्या दुसऱ्या टप्प्यात असेल तर तीनऐवजी सहा महिने. सिफिलिसचा जंतू शरीरात शिरल्यापासून जखम दिसेपर्यंत १० ते ९० दिवस जाऊ शकतात, म्हणून हा पल्ला लांब.

सक्तीपासून ई-कार्डापर्यंत

जोडीदार शोधून त्यांना उपचाराखाली आणायची पद्धत इंटरनेटपेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेत १९३६ साली सर्जन जनरल झालेले थॉमस पॅरन यांनी सिफिलिसविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली. रुग्ण शोधणं, उपचार करणं आणि त्याच्या जोडीदारांचा माग काढणं हे तिचे आधार होते. पुढे खास प्रशिक्षित कर्मचारी घरोघर, बारमध्ये, कारखान्यांत जाऊन चिठ्ठ्या देऊ लागले. ब्रिटनने महायुद्धाच्या काळात त्याहून कडक पाऊल उचललं. १९४२च्या ‘३३-बी’ या नियमानुसार दोन रुग्णांनी एकाच व्यक्तीचं नाव घेतलं, तर त्या व्यक्तीवर तपासणी आणि उपचारांची सक्ती करता येत असे. त्याचा फास प्रामुख्याने बायकांभोवती आवळला गेला. पेनिसिलिन आलं, उपचार सोपे झाले आणि युद्धानंतर सक्तीचा हा नियम गेला. पण एक धडा मागे राहिला. सरकारचा माणूस दार वाजवणार या भीतीने लोक नावं सांगत नाहीत, उलट दवाखान्यातच यायचं टाळतात.

म्हणून मग बहुतेक देशांत भर दिला गेला तो रुग्णाने स्वतः सांगण्यावर. डॉक्टर समजावतात, रुग्ण मान डोलावतो, घरी जातो. पुढे काय होतं ते कुणालाच नक्की कळत नाही. नवरा-बायकोत किंवा जुन्या नात्यात सांगणं अवघड असलं तरी निदान माणूस समोर असतो. एका रात्रीच्या ओळखीतल्या माणसाला फोन करून ‘मला परमा झालाय, तूही बघून घे’ असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. नेमकी हीच अडचण डिजिटल साधनांनी सोडवायला घेतली.

सॅन फ्रान्सिस्कोतच २००४ साली ‘इनस्पॉट’ हे संकेतस्थळ सुरू झालं. रुग्णाने तिथे जायचं, एक ई-कार्ड निवडायचं, आजार निवडायचा, जोडीदाराचा ईमेल टाकायचा. नाव द्यायचं की नाही ते आपल्या मर्जीवर. काही कार्डं गंभीर होती, काही चक्क विनोदी. कार्डासोबत आजाराची माहिती आणि जवळचं तपासणी केंद्र. अमेरिकेतल्या इतर शहरांत आणि राज्यांतही ते पसरलं. २००८पर्यंत तीस हजारांहून अधिक लोकांनी पन्नास हजारांच्या आसपास कार्डं पाठवली होती. आकडा ऐकायला मोठा आहे. मात्र लॉस एंजेलिस आणि कोलोरॅडोत बारकाईने पाहणी केली तेव्हा दिसलं, की संकेतस्थळ माहीत असलेले लोक थोडे आणि प्रत्यक्ष वापरणारे त्याहून थोडे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लैंगिक आरोग्य केंद्राने २००८ साली ‘लेट देम नो’ सुरू केलं. इथे ईमेलसोबत एसएमएसचीही सोय होती आणि पाठवणाऱ्यांचा ओढा एसएमएसकडेच राहिला. या संकेतस्थळाचं शहाणपण असं, की ते थेट ‘संदेश पाठवा’ या बटणापाशी नेत नाही. समोरासमोर कसं सांगायचं याचे संवादाचे नमुने तिथे आहेत, पत्राचे मसुदे आहेत आणि जोडीदाराने आपल्या डॉक्टरकडे न्यायचं पत्रही आहे. म्हणजे एसएमएस ही शेवटची सोय, पहिली नाही.

संदेशाच्या आत काय असावं?

नेदरलँड्समध्ये २०१२ साली रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅम इथे सुरू झालेली ‘सजेस्ट अ टेस्ट’ ही पद्धत थोडी जवळून पाहू, कारण तिच्यात यातली बरीच कोडी सुटलेली दिसतात. तिथे कुणीही उठून कुणालाही संदेश पाठवू शकत नाही. तपासणीत संसर्ग निघाला की आरोग्य कर्मचारी रुग्णाला एक कोड देतो. तो कोड टाकला तरच संकेतस्थळ उघडतं. मग रुग्ण एसएमएस, ईमेल, टपाल किंवा डेटिंगचं संकेतस्थळ यांपैकी मार्ग निवडतो आणि नाव द्यायचं की निनावी राहायचं ते ठरवतो. जोडीदाराला मिळणाऱ्या संदेशात आजार लिहिलेला नसतो. त्यात त्याच्यासाठी वेगळा कोड असतो. तो टाकून आत गेल्यावर कोणत्या संसर्गाची तपासणी करायची ते त्याला कळतं.

कोडामुळे तीन गोष्टी साधतात. खोडसाळपणाला आळा बसतो, कारण निदान झाल्याशिवाय कोड मिळत नाही. फोन चुकून दुसऱ्याच्या हाती असला तरी पडद्यावर आजाराचं नाव झळकत नाही. शिवाय डॉक्टरला नेमकं काय तपासायचं ते समजतं; ‘काहीतरी झालंय म्हणे’ एवढ्यावर ताटकळावं लागत नाही.

आता असा संदेश मराठीत लिहायचा झाला तर? समजा मसुदा असा: ‘तुमच्या संपर्कातल्या एका व्यक्तीला औषधाने बरा होणारा संसर्ग असल्याचं तपासणीत आढळलं आहे. त्रास होत नसला तरी तो तुम्हालाही असू शकतो. या आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्या.’ यात तारीख नाही, कारण तारखेवरून पाठवणारा ओळखू येईल. ‘औषधाने बरा होणारा’ हे शब्द मुद्दाम आहेत; ते नसतील तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार एचआयव्हीचा येईल आणि तो घाबरून गप्प बसेल. ‘त्रास होत नसला तरी’ हे नसेल तर तो आपल्याला काही होत नाही म्हणून संदेश पुसून टाकेल. एक तांत्रिक अडचणही आहे. इंग्रजी एसएमएसच्या एका तुकड्यात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. म्हणजे हा एवढासा मजकूरही तीन तुकड्यांचा होतो.

निनावी कुणासाठी, नाव घेऊन कुणासाठी?

या सगळ्या प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. लोकांना विचारलं तर अशी सोय हवी असं बरेच जण म्हणतात, पण वेळ आल्यावर कायमच्या जोडीदाराला समोरासमोर किंवा फोनवरच सांगतात. निनावी संदेश उपयोगी पडतो तो तुरळक ओळखीतल्या, पुन्हा भेट होण्याची शक्यता नसलेल्या जोडीदारांसाठी. या लोकांना एरवी कधीच कळलं नसतं. त्यामुळे अशा साधनाचं यश किती संदेश गेले यावरून मोजणं फसवं. जे एरवी सुटलेच असते त्यांच्यातले किती जण तपासणीला आले, हा खरा प्रश्न.

डेटिंग ॲपांनीही यात थोडा हातभार लावला आहे. ग्राइंडरने २०१८ साली दर तीन किंवा सहा महिन्यांनी एचआयव्ही तपासणीची आठवण करून देणारी सोय आणली. अमेरिकेत आरोग्य संस्था आणि डेटिंग ॲप यांच्या एकत्रित प्रयत्नांतून ‘टेल युवर पार्टनर’ हे निनावी संदेशांचं संकेतस्थळही चालतं.

मग कोविडमध्ये आरोग्य सेतू आलं होतं तसं एखादं ॲप आपोआप का कळवू शकत नाही, असं वाटू शकेल. आरोग्य सेतू ब्लूटूथवरून दोन फोन किती जवळ होते ते टिपत होतं. एका खोलीत दोन फोन रात्रभर होते यावरून लैंगिक संबंधाचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि काढणारं ॲप कुणी आपल्या फोनमध्ये ठेवूही नये. जोडीदार कोण हे माणसानेच सांगायचं असतं. यंत्राचं काम तिथून पुढे सुरू होतं.

आपल्याकडे

मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा नाही असं म्हणता येणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटलेही सोसले. तरीही आजचा रुग्ण बरेचदा पहिली धाव घेतो ती भिंतीवरच्या जाहिरातीतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे किंवा मेडिकलवाल्याकडे. खरं तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची ‘सुरक्षा क्लिनिक’ जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. तिथे लक्षणांच्या गटानुसार राखाडी, हिरवं, पांढरं अशी रंगांनी ओळखायची औषधांची किट मोफत मिळतात. जोडीदारालाही उपचार द्यायचे हे या पद्धतीत गृहीतच आहे. समुपदेशक रुग्णाला जोडीदाराला घेऊन यायला सांगतात. पुढचं मात्र रुग्णावर.

इथे परदेशातली साधनं जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत. पहिलं कारण फोनचं. आपल्याकडे अनेक घरांत बायकोचा फोन नवरा, सासू किंवा मुलगा सहज हाताळतो. व्हॉट्सॲपचा संदेश बंद पडद्यावरही दिसतो. दुसरं कारण विश्वासाचं. अनोळखी नंबरवरून ‘ही लिंक उघडा’ असं आलं की शहाणा माणूस ती उघडत नाही. केवायसीच्या आणि वीजबिलाच्या फसव्या संदेशांनी तेवढं शिकवलं आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार संस्थांना असे संदेश पाठवण्यासाठी आपलं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. त्यामुळे हे काम एखाद्या हौशी संकेतस्थळापेक्षा आरोग्य खात्यानेच, आपल्या ओळखीच्या नावाने करणं बरं.

तिसरं कारण कायद्याचं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. या कायद्यानुसार आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाची स्थिती जोडीदाराला सांगू शकतो, तेही अटींवर: जोडीदाराला मोठा धोका असावा, रुग्णाला स्वतः सांगण्याबद्दल समजावलेलं असावं, तो सांगणार नाही याची खात्री पटलेली असावी आणि आपण सांगणार आहोत याची रुग्णाला कल्पना दिलेली असावी. शिवाय हे सांगायचं प्रत्यक्ष भेटीत, समुपदेशन करून. म्हणजे डॉक्टरने जोडीदाराला एसएमएस टाकून मोकळं होणं या कायद्यात बसत नाही. आणखी एक तरतूद मोलाची आहे. स्थिती कळल्यावर रुग्णाला, विशेषतः रुग्ण स्त्री असेल तर तिला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर जोडीदाराला सांगायचं नाही.

ही तरतूद एचआयव्हीपुरती असली तरी तिच्यातलं तत्त्व सगळ्याच संसर्गांना लागू व्हायला हवं. कळवण्याआधी विचारायचं: तुम्ही सांगितलंत तर तुमच्या जिवाला धोका आहे का? फॉर्मवरचा कोणताही रकाना हा प्रश्न नीट विचारू शकत नाही. तो समोर बसलेल्या समुपदेशकानेच विचारायचा असतो. म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे डिजिटल कळवणं समुपदेशकाच्या टेबलावरूनच सुरू व्हावं. नेदरलँड्ससारखा कोड समुपदेशकाने द्यावा, कोणाला नाव घेऊन आणि कोणाला निनावी कळवायचं हे रुग्णाशी बसून ठरवावं, लिंक नसलेला साधा संदेश मराठीत जावा आणि जोडीदार आला की त्याला रांगेत कारण विचारलं जाऊ नये. एवढं झालं तर फोनचा उपयोग होईल. नुसतं ॲप काढून, फीत कापून, मंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण करून होणार नाही.

तुम्हाला असा संदेश आला तर

उद्या तुमच्या फोनवर असा निरोप आला, तर आधी त्यातली लिंक उघडू नका. कुणी पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर तो निरोप खोटा समजा. पण खोटा असेल या समजुतीने तपासणी टाळू नका. निरोप कुणी पाठवला हे शोधण्यात वेळ घालवू नका आणि त्यावरून घरात भांडण काढू नका. संसर्ग बऱ्याच आधीचाही असू शकतो. मेडिकलमधून गोळ्या घेऊ नका, कारण चुकीच्या किंवा अपुऱ्या औषधाने परम्याचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि ही आज जगभरची डोकेदुखी आहे. तपासणी होऊन उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा. एड्स नियंत्रण संस्थेची १०९७ ही मदतवाहिनी मोफत आहे. जवळचं केंद्र तिथे विचारता येतं.

आणि निदान तुमचंच झालं असेल, तर डॉक्टरने विचारण्याआधी स्वतःच विचारा की कुणाकुणाला कळवायला हवं आणि त्यात मला कोण मदत करेल. हा प्रश्न विचारायला ना ॲप लागतं, ना कोड.